माणूस का पितो? मद्यपानामागील मानसशास्त्र

मद्यपानाविषयी मराठी घरात विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा ‘किती घेतो?’ हा असतो. यकृताच्या दृष्टीने तो रास्तच आहे. परंतु एखाद्याचे पिणे पुढे कोणते वळण घेईल याचा अंदाज बांधताना मानसशास्त्रज्ञांना ‘कशासाठी घेतो?’ हा प्रश्न तितकाच, काही बाबतींत तर अधिक, उपयोगी पडला आहे. आठवड्याला सारखीच मात्रा घेणाऱ्या दोघांपैकी एक मित्रांच्या मैफलीत पीत असेल आणि दुसरा ऑफिसातला दिवस विसरण्यासाठी पीत असेल, तर दोघांपुढचा धोका सारखा नसतो. परदेशात स्थिरावलेल्या मराठी नोकरदारांना हा फरक समजून घेण्याची विशेष गरज आहे. त्यांचे पिणे गुत्त्यावर किंवा रस्त्यावर दिसत नाही. नोकरी चालू असते, घराचे हप्ते वेळेवर जातात, मुले अभ्यासात पुढे असतात आणि दारूचा प्रश्न ‘आपल्यासारख्यांचा’ नाहीच, अशी सर्वांची समजूत असते.

मेंदूतील रसायने

इथाइल अल्कोहोल, म्हणजेच मद्यार्क, मेंदूतील गाबा या शामक रसायनाचा प्रभाव वाढवतो आणि ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा प्रभाव दाबतो. त्यामुळे ताण सैल होतो, जीभ सुटते, हालचाली मंदावतात. त्याच वेळी डोपामिन स्रवते आणि ‘हे पुन्हा करावे’ अशी नोंद मेंदू करून ठेवतो. एवढे सर्व माणसांच्या बाबतीत जवळपास सारखेच घडते. तरीही एकच पेय एकाला गाणे म्हणायला लावते, दुसऱ्याला रडवते आणि तिसऱ्याला भांडायला उठवते. याचे उत्तर केवळ रसायनात सापडत नाही.

ग्लासात काय आहे आणि मनात काय आहे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. त्या काळी एक धारणा सर्वमान्य होती. मद्यासक्त माणसाच्या पोटात एक प्याला गेला की शरीरात अशी काही प्रक्रिया सुरू होते, की पुढचे पिणे त्याच्या हातात राहत नाही. मार्लॅट यांनी ही धारणा तपासायचे ठरवले. मद्यासक्त आणि प्रसंगापुरते पिणारे अशा दोन्ही प्रकारच्या पुरुषांना चव घेऊन अभिप्राय देण्याच्या निमित्ताने बोलावण्यात आले. काहींना व्होडका मिसळलेले टॉनिक दिले, काहींना नुसते टॉनिक. मिश्रणाचे प्रमाण असे ठेवले होते की चवीवरून फरक कळू नये. यातील खरी खुबी पुढे आहे. व्होडका मिळालेल्यांपैकी निम्म्यांना सांगितले की पेयात व्होडका आहे आणि निम्म्यांना सांगितले की नाही. नुसते टॉनिक मिळालेल्यांचेही असेच दोन भाग केले.

कोण किती प्यायले, हे ग्लासात खरोखर काय होते यावरून ठरले नाही. आपण व्होडका पीत आहोत असे ज्यांना वाटत होते ते जास्त प्यायले, मग त्यांच्या ग्लासात व्होडका असो वा नसो. मद्यासक्त पुरुषही याला अपवाद ठरले नाहीत.

या पद्धतीने पुढे अनेक प्रयोग झाले. पुरुषांमधील लैंगिक उत्तेजनेसारख्या गोष्टींतही ‘आपण प्यायलो आहोत’ या समजुतीचा मोठा वाटा दिसून आला. मात्र या निष्कर्षाला एक कडक मर्यादा आहे. प्रतिक्रियेचा वेग, तोल आणि गाडी चालवण्याची क्षमता समजुतीला जुमानत नाहीत. ‘मला काही होत नाही’ असा ठाम विश्वास असलेल्या चालकाचाही ब्रेकवरचा पाय उशिराच पडतो.

दारूकडून माणूस काय अपेक्षा ठेवतो, याला संशोधक मद्यविषयक अपेक्षा म्हणतात. या अपेक्षा पहिला घोट घेण्याआधीच मुलांच्या मनात तयार झालेल्या असतात, हेही अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. प्रेमभंग झाला की नायकाने बाटली उघडायची, हे ‘देवदास’च्या नाना अवतारांतून भारतीय प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. बढती मिळाली की शॅम्पेन, हे कॉर्पोरेट जगाने शिकवले. घरातल्या पार्टीत काका दोन पेगनंतर अधिक मोकळे, अधिक विनोदी होतात, हे कोपऱ्यात बसलेला दहा वर्षांचा मुलगा टिपत असतो.

नशेचे सामाजिक नियम

क्रेग मॅकअँड्र्यू आणि रॉबर्ट एजरटन यांनी १९६९ साली जगभरातील मानववंशशास्त्रीय नोंदी एकत्र करून दाखवले की प्यायल्यावर माणूस कसा वागतो, हे त्याचा समाज त्याला शिकवतो. बोलिव्हियाच्या पूर्व भागातील कांबा लोकांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ड्वाइट हीथ यांनी १९५० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. सणासुदीला हे लोक जवळजवळ ९० टक्के मद्यार्क असलेले पेय भरपूर पीत, शुद्ध हरपेपर्यंत पीत; पण त्यांच्यात मारामाऱ्या होत नव्हत्या आणि एकट्याने पिण्याची रीतही नव्हती.

मॅकअँड्र्यू आणि एजरटन यांनी आणखी एक मुद्दा मांडला. बहुतेक समाज नशेच्या काळाला नेहमीच्या नियमांतून तात्पुरती सुटका मानतात. महाराष्ट्रातील गटारी अमावस्या हे याचे चपखल उदाहरण म्हणता येईल. श्रावणातील संयमाच्या आदल्या दिवशी अतिरेकाला जणू सामाजिक परवाना मिळतो आणि एरवी नाके मुरडणारेही त्याकडे हसून पाहतात. परवान्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगायचे, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला कागदोपत्री आजही परवाना लागतो. बहुसंख्य पिणाऱ्यांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला पिणे म्हणजे एक तर पाप किंवा पराक्रम, असे दोनच अर्थ ठाऊक असतात. जेवणाबरोबरचा एक ग्लास या मधल्या अवस्थेची घडण त्याच्या मनात झालेली नसते. स्थलांतरानंतर नियम एकाएकी सैल होतात, दुकान कोपऱ्यावर असते, विचारणारे वडीलधारे हजारो मैलांवर असतात. मनातले अर्थ मात्र जुनेच राहतात.

श्रावण पाळणारे अनेक जण ‘महिनाभर सोडतो, म्हणजे मी व्यसनी नाही’ असा दाखला देतात. त्यात तथ्य नाही असे नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या ‘ड्राय जानेवारी’ उपक्रमातील सहभागींच्या पाहणीत, महिनाभर थांबलेले अनेक जण सहा महिन्यांनंतरही पूर्वीपेक्षा कमी पीत असल्याचे आढळले. परंतु तो महिना दिवस मोजत काढला आणि शेवटच्या संध्याकाळी साठलेली सगळी कसर भरून काढली, तर त्या संयमाचा अर्थ वेगळा लावावा लागतो.

चार प्रेरणा

माइल्स कॉक्स आणि एरिक क्लिंगर यांनी १९८८ साली पिण्यामागील प्रेरणांचा आराखडा मांडला. १९९४ मध्ये लिन कूपर यांनी त्याच्या आधारे प्रश्नावली तयार केली, जी आज जगभर वापरली जाते. तिच्यात चार प्रेरणा आहेत. काही जण आनंद वाढवण्यासाठी पितात. काही जण संगतीची रंगत वाढवण्यासाठी. काही जण वेगळे पडू नये, लोकांनी हसू नये म्हणून हाती ग्लास धरतात. आणि काही जण चिंता, उदासी, अपमान किंवा एकटेपणा बोथट करण्यासाठी पितात.

पहिल्या प्रकारात मात्रा वाढण्याचा धोका असतो. पार्टीत बेभान होणारे तरुण बहुधा याच गटातले. दुसरा प्रकार तुलनेने सौम्य मानला जातो. खरी चिंता चौथ्या प्रकाराची आहे. दुःख बुडवण्यासाठी पिणाऱ्यांना दारूमुळे उद्भवणारे त्रास त्यांच्या मात्रेवरून अपेक्षित असतात त्याहून अधिक असतात, असे कूपर यांच्या अभ्यासात दिसले आणि नंतरच्या अनेक अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. कारण उघड आहे. ज्या अडचणीवर दारूचा उतारा घेतला जातो ती अडचण दुसऱ्या दिवशी तशीच उभी असते आणि तिला तोंड देण्याची दुसरी कोणतीही रीत माणूस शिकलेला नसतो.

एकाच माणसाची प्रेरणा कालांतराने बदलते, हा यातला सर्वात दुर्लक्षित भाग आहे. विद्यार्थिदशेत गमतीखातर सुरू झालेले, नोकरीत सहकाऱ्यांबरोबर स्थिरावलेले पिणे चाळिशीत झोप येण्यासाठी किंवा डोक्यातली मीटिंग थांबवण्यासाठी होऊ लागते. ग्लास तोच, ब्रँड कदाचित अधिक महागडा. मात्रा फारशी बदललेली नसल्याने घरच्यांना आणि स्वतःलाही काही खटकत नाही. शिवाय झोपेचा हिशेबही फसवा आहे. मद्यार्काने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटक होते आणि सकाळचा थकवा पुढच्या संध्याकाळचे निमित्त होऊन बसतो.

सुधाकराचा प्याला

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांच्या सिंधूमुळे ते गाजले आणि दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून मराठी मनात घर करून बसले. आजच्या संशोधनाच्या प्रकाशात ते पुन्हा पाहण्यासारखे आहे. सुधाकर हा बुद्धिमान वकील आहे. कोर्टातील प्रसंगातून त्याची सनद काही काळासाठी हिरावली जाते आणि त्याचा मानी स्वभाव हा अपमान पचवू शकत नाही. त्या क्षणी तळीराम त्याच्यासमोर पहिला प्याला धरतो, दुःखावरचा उपाय म्हणून. म्हणजे चौथी प्रेरणा. तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ हे संगतीच्या प्रेरणेचे विनोदी चित्र आहे. पिण्याला तत्त्वज्ञान, विधी आणि सभासदत्व पुरवणारी अशी मंडळे आजही भरतात, फक्त तिथे सिंगल माल्टच्या वयाची चर्चा होते.

सुधाकर उच्चशिक्षित आणि व्यवसायावर ओळख उभी असलेला माणूस आहे, ही बाब परदेशस्थ वाचकाने विशेष लक्षात घ्यावी. नोकरी जाणे, व्हिसाची टांगती तलवार, तरुण सहकारी वरिष्ठ होणे, हे आजचे सनद हिरावले जाण्याचे प्रसंग आहेत.

नाटकाच्या शीर्षकाने मात्र एक वेगळाच अर्थ रुजवला: एक प्याला घेतला की सर्वनाश अटळ. मार्लॅट यांनी तपासलेली धारणा हीच होती. दारू सोडलेल्या माणसाचा एखाद्या दिवशी तोल गेला, तर ‘आता सगळे संपलेच, मी आहेच असा’ ही भावनाच त्याला पुढच्या बाटलीकडे ढकलते, असे त्यांनी पुढील संशोधनात दाखवून दिले. एक चूक आणि संपूर्ण घसरण यांत अंतर असते आणि ते अंतर राखायला शिकवता येते, यावर पुनर्व्यसन टाळण्याची आजची उपचारपद्धती उभी आहे. यातून ‘व्यसनी माणसाने थोडी घ्यायला हरकत नाही’ असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. तीव्र अवलंबित्व असलेल्यांसाठी पूर्ण त्याग हाच सर्वात सुरक्षित मार्ग आहे.

एकट्याचा ग्लास आणि चौघांची मैफल

क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी नशेचे वर्णन लघुदृष्टी असे केले. नशेत लक्षाचा परीघ आक्रसतो. जे समोर आहे, ठळक आहे तेवढेच दिसते, दूरचे परिणाम धूसर होतात. म्हणून समोर हसती मंडळी असतील तर चिंता मागे पडते. पण समोर काहीच नसेल तर? त्यांच्या प्रयोगांत मद्याबरोबर मन गुंतवणारे काम दिले तेव्हा चिंता घटली. नुसते मद्य देऊन बसवून ठेवले तेव्हा आराम मिळाला नाही, उलट चिंता वाढण्याकडे कल दिसला. रात्री अपार्टमेंटमध्ये एकट्याने, बंद लॅपटॉपकडे पाहत घेतलेला पेग दुःख का बुडवत नाही, याचे स्पष्टीकरण यात आहे. त्या आक्रसलेल्या परिघात दुःख एवढेच शिल्लक राहते.

संगतीतील मद्याचा लाभ खोटा नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मायकेल सायेट यांच्या चमूने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७२० अनोळखी व्यक्तींना तिघातिघांच्या गटांत बसवले होते. मद्य मिळालेले गट अधिक बोलले, अधिक वेळा एकाच क्षणी हसले आणि त्यांच्यातील जवळीकही वाढली. नव्या देशात, नव्या भाषेत ओळखी जमवताना माणसे ग्लासाचा आधार का घेतात, ते यावरून कळते.

पण मैफलीचा एक भ्रमही असतो. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिण्याच्या तिथल्या रिवाजाविषयी अनेकांना आतून थोडी अस्वस्थता होती, मात्र ‘बाकीच्यांना यात काही गैर वाटत नाही’ अशी जवळजवळ सर्वांची समजूत होती. ऑफिसच्या हॅपी अवरमध्ये किंवा शनिवारच्या पॉटलकनंतर बेसमेंटमध्ये उघडलेल्या स्कॉचभोवती बसलेल्या मंडळींची स्थिती याहून फार वेगळी नसावी. सोडा मागणारा पहिला माणूस बहुधा आणखी दोघांची सोय करतो.

स्त्रियांच्या बाबतीत हे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात २७.३ टक्के पुरुष मद्य घेतात, तर स्त्रियांमध्ये हे प्रमाण १.६ टक्के आहे. परदेशात हे अंतर कमी होते, पण टीकेची भीती तेवढी कमी होत नाही. लपवून प्यायले की मदत मागणेही लांबते. शिवाय स्त्रियांच्या शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मात्रेने रक्तातील मद्यार्क अधिक चढतो.

‘त्याला चढतच नाही’

मराठी मैफलीत हे वाक्य कौतुकाने उच्चारले जाते. कॅलिफोर्नियातील मनोविकारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी मद्यासक्त पित्यांच्या मुलांची तरुणपणी मद्याला मिळणारी प्रतिक्रिया मोजली आणि सुमारे दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठले. ज्यांना कमी चढत होती त्यांच्यापैकी ५६ टक्के मद्यासक्त झाले होते. ज्यांना चटकन चढत होती त्यांच्यात हे प्रमाण १४ टक्के होते. ज्याला थांबण्याची खूण शरीराकडून मिळत नाही तो अधिक पितो, इतका हा सरळ हिशेब आहे.

सरावाने येणारी सहनक्षमताही काही अंशी शिकलेली असते. शेपर्ड सीगल यांच्या संशोधनानुसार नेहमीची खुर्ची, नेहमीची वेळ, बर्फाचा आवाज या खुणांनीच शरीर आगाऊ तयारीला लागते. म्हणून तीच मात्रा अनोळखी ठिकाणी अधिक चढते. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये आणखी एक भेद स्पष्ट केला. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतील दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. व्यसनात पहिली तीव्र होत जाते, तर दुसरी तशीच राहते किंवा ओसरते. ‘आता मजा येत नाही, तरी घेतो’ या कबुलीत लबाडी नसते.

मोजमाप

अमेरिकेतील एक प्रमाणित ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. ब्रिटनचे एक युनिट ८ ग्रॅमचे असते आणि तेथील २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याला १४ युनिटांची मर्यादा सुचवली आहे. भारतीय पद्धतीच्या ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे ‘दोनच घेतो’ म्हणणारा अमेरिकन मोजणीने जवळपास तीन घेत असतो; घरी हाताने ओतताना तर त्याहूनही अधिक. इथे हेही सांगायला हवे की हेतू चांगला असला तरी शरीर सवलत देत नाही. मद्य हे निश्चित कर्ककारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नमूद केले आहे आणि कोणतीही मात्रा पूर्णतः निर्धोक नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये घेतली.

स्वतःची तपासणी करण्यासाठी याच संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी उपलब्ध आहे. ८ किंवा अधिक गुण धोक्याच्या पिण्याकडे निर्देश करतात.

मदतीची वाट

अमेरिकेत व्हिसावर राहणाऱ्यांची एक भीती अनाठायी म्हणता येत नाही. मद्यधुंद अवस्थेत गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर दोष सिद्ध होण्यापूर्वीच व्हिसा रद्द होऊ शकतो. पण अटक वेगळी आणि उपचार वेगळे. व्यसनोपचार केंद्रांतील नोंदींना अमेरिकी संघीय कायद्याने गोपनीयतेचे विशेष संरक्षण दिले आहे. १-८००-६६२-४३५७ या सरकारी हेल्पलाइनवर नाव न सांगता, कोणत्याही वेळी माहिती मिळते.

रोज भरपूर पिणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्याविना एकाएकी थांबणे धोक्याचे असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके, भ्रम आणि क्वचित प्राणावर बेतणारी स्थिती उद्भवू शकते. ‘इच्छाशक्ती असेल तर उद्यापासून बंद’ असे बजावणाऱ्या नातलगांना हे ठाऊक नसते.

उपचार उपयोगी पडतात याचा एक सबळ पुरावा गोव्यातून आला आहे. भारतात अवलंबित्वाने ग्रासलेल्या ३८ जणांपैकी एकालाच उपचार मिळतात, असे एम्सची पाहणी सांगते. तज्ज्ञांची संख्या तोकडी आहे. ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल, अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली साध्या, तज्ज्ञ नसलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक बनवले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी ते जास्तीत जास्त चार भेटींत बोलत. कधी प्यावेसे वाटते, तेव्हा मनात काय असते, त्या वेळी दुसरे काय करता येईल, मित्राने आग्रह केला तर काय म्हणावे, असा या संवादाचा रोख असे. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ३६ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेखाली आले होते, केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते.